बदलते उत्पन्न आणि शासकीय साहाय्य : ब्रिटनचा अनुभव

(भाषणाचा मजकूर)



शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा निराधारांच्या अनुदानाचा, त्यास उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. हा दाखला सरलेल्या काळाचे चित्र दाखवितो; अर्जदाराची चूल मात्र आज पेटावयाची असते. या दोहोंतील अंतर कसे भरून काढावे, हा कल्याणकारी राज्यापुढील एक बिकट प्रश्न होय. ब्रिटनने २००३ ते २०२५ अशी बावीस वर्षे या दिशेने एक मोठा प्रयोग केला. प्रशासनाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असा आहे.

एप्रिल २००३ मध्ये तेथे दोन प्रकारची ‘टॅक्स क्रेडिट’ सुरू झाली. नाव कराचे असले, तरी ते करखात्यामार्फत कुटुंबाच्या बँक खात्यात जमा होणारे रोख साहाय्य होते. ‘वर्किंग टॅक्स क्रेडिट’ हे अल्प वेतनावर राबणाऱ्यांसाठी होते. मुले असलेल्या एकट्या पालकास आठवड्याला किमान १६ तास, तर मुले नसलेल्या २५ वर्षांवरील व्यक्तीस सामान्यतः ३० तास काम करणे आवश्यक असे. ‘चाइल्ड टॅक्स क्रेडिट’ मुलांच्या संगोपनासाठी असून त्यास नोकरीची अट नव्हती.

तत्पूर्वीच्या योजनेत साहाय्य एकदा मंजूर झाले की सहा महिने तेच राही. उत्पन्न वाढो वा घटो, रकमेत बदल होत नसे. नव्या योजनेत हा ताठरपणा दूर करण्याचा हेतू होता. गतवर्षीच्या उत्पन्नावरून हंगामी रक्कम ठरवावयाची आणि ५ एप्रिलला वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष उत्पन्न पाहून अंतिम हिशेब करावयाचा, अशी तिची रचना होती. हेतू स्तुत्य होता. परंतु अडचण याच हिशेबातून उद्भवली.

एक उदाहरण घेऊ. एका कुटुंबाचे गतवर्षीचे उत्पन्न १५,००० पौंड होते. चालू वर्षी पत्नीस अधिक तासांचे काम मिळाले व उत्पन्न २०,००० पौंड झाले. आरंभीच्या नियमानुसार २,५०० पौंडांपर्यंतची वाढ दुर्लक्षित केली जाई. उरलेल्या २,५०० पौंडांवर ३७ टक्के या दराने, म्हणजे ९२५ पौंड, साहाय्य अधिक दिले गेले असे ठरे. ही रक्कम कुटुंबाने केव्हाच किराणा आणि घरभाडे यांवर खर्च केलेली असे. आता ती कर्ज म्हणून समोर उभी राही व पुढील वर्षाच्या साहाय्यातून कापली जाई.

पहिल्याच वर्षी सुमारे एक तृतीयांश कुटुंबांना अशी जादा रक्कम दिली गेल्याचे आढळले; तिची बेरीज सुमारे २ अब्ज पौंड होती. २००५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या लोकपालांनी या प्रश्नावर स्वतंत्र अहवाल दिला. ज्या व्यवस्थेत अनिश्चितता मुळातच आहे, ती अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना कितपत मानवेल, अशी शंका त्यात व्यक्त झाली होती. २००६-०७ पासून दुर्लक्षित वाढीची मर्यादा २५,००० पौंड करण्यात आली. पुढे खर्चास आळा घालण्यासाठी ती टप्प्याटप्प्याने उतरवून २०१६-१७ मध्ये पुन्हा २,५०० पौंडांवर आणली गेली. एवढेच नव्हे, तर एप्रिल २०१२ पासून उत्पन्नात २,५०० पौंडांपर्यंत घट झाली तरी साहाय्य वाढेनासे झाले.

काम सुटले तर काय होई? वर्किंग टॅक्स क्रेडिट कामाच्या तासांशी बांधलेले असल्याने, २००७ पासूनच्या तरतुदीनुसार, ते काम सुटल्यानंतर चार आठवडे चालू राही व मग थांबे. काम सुटल्याची वार्ता एका महिन्याच्या आत कळविणे बंधनकारक होते. न कळविल्यास ३०० पौंडांपर्यंत दंड होऊ शके. चाइल्ड टॅक्स क्रेडिट चालूच राही. ज्यांना उत्पन्नावर आधारित बेकारभत्ता मिळे, त्यांना ते पूर्ण दराने मिळे. परंतु पती कामावर असल्याने ज्या गृहिणीस असा भत्ता मिळत नसे, तिची स्थिती निराळी होती. तिची नोकरी जानेवारीत सुटली, तर त्या वर्षाच्या हिशेबात आधीच्या नऊ महिन्यांचे वेतन धरले जाई. घरात एक पगार बंद झालेला असे, पण कागदावरील वार्षिक उत्पन्न फारसे उतरलेले नसे. गरज निकडीची असतानाच साहाय्य मात्र पुरेसे वाढत नसे.

हे दोष ध्यानी घेऊन २०१३ पासून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ ही मासिक हिशेबाची व्यवस्था टप्प्याटप्प्याने आणली गेली आणि ५ एप्रिल २०२५ रोजी टॅक्स क्रेडिट बंद झाली. जुन्या जादा रकमांची वसुली मात्र नव्या व्यवस्थेतही कुटुंबांच्या मागे आली.

या अनुभवाचे सार काय? सहा महिने अढळ राहणारी रक्कम बदलत्या गरजेला दाद देत नाही. वर्षअखेर तपासली जाणारी रक्कम गरिबाच्या माथी कर्ज ठेवू शकते. कोणतीही रचना निर्दोष नसते. मात्र मिळालेली रक्कम अंतिम आहे की हंगामी, परिस्थिती बदलल्यास कोणास, किती दिवसांत कळवावयाचे आणि न कळविल्यास काय होईल, हे लाभार्थ्यास पहिल्याच दिवशी त्याच्या भाषेत सांगता येते. आपल्याकडे हे काम तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्याच हाती आहे. मंजुरीचा कागद हाती देताना चार वाक्ये अधिक बोलली गेली, तर पुढे वसुलीची नोटीस घेऊन त्याच उंबरठ्यावर जाण्याची वेळ सहसा येणार नाही.