रोवलेल्या दाताची निगा
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आपण सोलापूरकडची माणसे. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे आपले खाणे. त्याला दात पक्के हवेत. माझी खालची एक दाढ पडली, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या जागी नवी रोवली. हाडात टिटॅनियम धातूचा बारीक स्क्रू बसवायचा. तो हाडाशी घट्ट जुळला, की त्यावर दाढ चढवायची. स्वीडन देशातील डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली टिटॅनियमचे असे दात माणसाच्या जबड्यात बसवून दाखवले.

मला वाटले, धातूला कुठे कीड लागते! तिथेच मी चुकलो. चार वर्षांनी दात घासताना तेथून रक्त येऊ लागले. दुखत नव्हते, म्हणून मी गप्प राहिलो. पुढे पू आला.

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, धातू किडत नाही, पण भोवतीची हिरडी आणि हाड बिघडते."

नीट न घासलेल्या जागी चिकट थर साचतो. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात. आधी हिरडी सुजते, मग आतले हाड झिजते. गोठ्यातला खुंटा कितीही पक्का असो. भोवतीची माती वाहून गेली, की तो हलणारच. तसेच हे आहे.

सूज हिरडीपुरती असेल, तर थर काढून जागा स्वच्छ ठेवल्यावर ती उतरते. माझे हाड झिजू लागले होते. डॉक्टरांनी जागा बधिर केली, हिरडी उघडली आणि स्क्रू साफ केला. नुसत्या गोळ्यांनी हे काम भागत नाही, कारण जंतू त्या थरात दडून राहतात. गेलेले हाड बहुधा पुरते भरून येत नाही. फारच झिजले, तर स्क्रू काढावा लागतो. माझी दाढ थोडक्यात वाचली.

मग डॉक्टरांनी विचारले, "तंबाखू खाता?" माझी मान खाली गेली. जन्मभर मुलांना तंबाखू वाईट म्हणून शिकवले, आणि चंची माझ्याच खिशात! त्याच दिवशी ती चुलीत गेली. भगिनींनो, मिश्री म्हणजेही भाजलेली तंबाखूच. तिने दात घासू नका.

सकाळी आणि रात्री ब्रशाने दात घासा. मधुमेह असेल, तर साखर आटोक्यात ठेवा. दात आपला असो की रोवलेला, रक्त दिसले की दुखण्याची वाट पाहू नका. लगेच दातांच्या डॉक्टरांकडे जा. मी उशीर केला. तुम्ही करू नका.