साडीगार्ड घट्ट आहे का?



नवी गाडी घ्यायची ठरली की घरात चार दिवस मायलेज, हप्ता आणि रंग एवढंच चालतं. मागे बसणारीचा पदर कुठे जाणार, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज बोलायचं आहे ते मागच्या चाकाच्या साडीगार्डबद्दल आणि पुढच्या मडगार्डबद्दल. दोन्ही वस्तू शोरूममधून येताना गाडीला असतात. वर्षभराने त्या जागेवर आहेत का, आणि असल्या तर घट्ट आहेत का, हा खरा प्रश्न.

आपण बायका बहुतेक डावीकडे दोन्ही पाय सोडून बसतो, कारण उजवीकडे सायलेन्सर तापलेला असतो. पदर, ओढणी, उन्हासाठी गुंडाळलेला स्कार्फ, सगळं डाव्या बाजूलाच लोंबतं, आणि बहुतेक गाड्यांची साखळीही तिकडेच. गाडी चाळीसच्या वेगात असेल तर चाक एका सेकंदात साधारण सहा फेरे घेतं. म्हणजे "अहो, थांबा" एवढं तोंडातून निघेपर्यंत पदर गुंडाळला गेलेला असतो. साडी फाटली तर नशीब. ओढणी गळ्याभोवती असली तर काय होतं, ते मी सांगायला नको. आपल्या प्रत्येकीच्या माहितीत असं एखादं घर आहे.

कायद्यानेही याचा विचार केलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला १२३ वा नियम. मागे माणूस बसण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागचं चाक निम्मं तरी झाकलं जाईल असं आवरण हवं, मागच्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. तेव्हा साडीगार्ड ही हौसेची वस्तू नाही. तरी आपली पोरं पहिल्या महिन्यात ते काढून गोठ्यात टाकतात. गाडी 'स्पोर्टी' दिसली पाहिजे ना! मग आईने कुठे बसायचं, हे त्यांना विचारा.

आता घट्टपणाकडे येऊ. गाडी स्टँडवर असताना साडीगार्ड हाताने धरून जोरात हलवा. खडखड वाजलं की समजा, एखादा नट सैल आहे नाहीतर पडलाच आहे. पुष्कळ घरी अशा ठिकाणी बाइंडिंगची तार गुंडाळलेली असते. तार घरी पोचण्यापुरती ठीक. पण ती घासून घासून तुटते, आणि तुटते ती चालत्या गाडीवरच. मग गार्डच आत झुकून चाकात जातं. सैल गार्ड हे गार्ड नसण्यापेक्षाही वाईट, असं मी म्हणेन.

नट सैल का होतो? बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणानेच नट जागेवर राहतो. आपल्या रस्त्यांवर गाडी सारखी थरथरते. जोडलेले दोन भाग एकमेकांवर कणभर सरकत राहतात, ताण उतरतो आणि नट हळूहळू उलटा फिरतो. त्यावर गॅरेजवाला स्प्रिंग वायसर टाकतो. तो असावा, पण माझा भरवसा नायलॉक नटावर जास्त. त्या नटात वरच्या बाजूला नायलॉनची कडी असते. ती बोल्टचे आटे घट्ट धरून ठेवते. दुकानात मागितला की मिळतो, चहाच्या पैशांत येतो. एकदा काढला की मात्र पुन्हा तोच लावू नका, पकड कमी झालेली असते. आणि सायलेन्सरजवळ तो नको, उष्णतेने नायलॉन मऊ पडतं.

पुढच्या मडगार्डची गोष्ट थोडी वेगळी. साडीगार्ड गाडीच्या चौकटीला लागतं, त्यामुळे खड्ड्याचा दणका शॉकॲब्सॉर्बरने खाल्ल्यावर उरलेलाच त्याच्यापर्यंत पोचतो. पुढचं मडगार्ड फोर्कच्या खालच्या नळ्यांवर बसतं, चाकाबरोबर वरखाली होतं. दणका स्प्रिंगच्या आधीच त्याला लागतो. म्हणून तडा आधी तिथे जातो.

इंग्लंडमध्ये हौशी माणसं सुटे भाग विकत आणून घरच्या घरी स्पोर्ट्सकार जोडतात. १९५७ साली लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची गाडी काढली. पूर्ण तयार गाडीवर तिकडे तेव्हा खरेदीकर लागायचा, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे, म्हणून लोक संच घेऊन स्वतः जोडायचे. अशा बऱ्याच गाड्यांना पुढे सायकलसारखे अरुंद मडगार्ड असतात. इंग्रजीत त्यांना चक्क विंग, म्हणजे पंख म्हणतात. हे पंखही चाकाच्याच भागावर बसवलेले असतात, चाक वळलं की वळतात, आणि दणके थेट खातात. एवढ्या हौसेने बांधलेल्या गाडीचं दुखणं आपल्या गाडीसारखंच: भोकाजवळ तडा आणि आधाराच्या पट्टीला चीर. त्यांनी काढलेले उपाय आपल्यालाही चालतात. भोकाखाली लहान वायसर न ठेवता रुंद ठेवायचा आणि त्याच्या खाली रबराची चकती, म्हणजे सगळा भार एका बिंदूवर येत नाही. काहीजण तर भोकच पाडत नाहीत, गाडीची काच चिकटवायला वापरतात तसल्या रबरी डिंकाने पंख पट्टीवर चिकटवतात. भोकच नाही तर तडा सुरू कुठून होणार?

आपलं मडगार्ड प्लास्टिकचं असेल तर जीव खाऊन आवळू नका, आवळतानाच ते चिरतं. बारीक तडा गेलेला दिसला तर तड्याच्या अगदी टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्या. तडा तिथे थांबतो आणि नवं मडगार्ड आणायला सवड मिळते. पत्र्याचं असेल तर वेल्डिंग करून देतात, पण वेल्डच्या कडेलाच पुन्हा तुटतं. तिथे आतून पट्टी जोडून घ्यावी.

बोल्ट लावताना डोकं टायरच्या बाजूला आणि नट बाहेर. उलटं बसवलं तर बोल्टचं टोक टायर खरवडतं. नटाच्या बाहेर दोन आटे तरी दिसले पाहिजेत. सगळं आवळून झालं की दोघीजणी गाडीवर बसा, तिसरीने वाकून बघावं की भाराने चाक वर आल्यावर मडगार्डला लागतं का.

काळ्या मातीच्या गावांत आणखी एक अडचण. पावसाळ्यात चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरतो आणि चाक अडकतं. मग पुरुष मंडळी पुढचं मडगार्ड काढूनच टाकतात. त्याने चिखल डोळ्यांत आणि इंजिनवर उडतो. थांबून काडीने चिखल काढणं कंटाळवाणं आहे खरं, पण तेच बरं. भरलेल्या चिखलासकट जोर लावला तर मडगार्ड तुटून चाकात जातं, चाक जागीच थांबतं आणि माणूस पुढे फेकला जातो.

गटाच्या पेटीत दहा-अकराचा आणि बारा-तेराचा असे दोन पाने ठेवा. मडगार्डचे बरेचसे नट त्यांनी होतात. आणि नेलपॉलिशची एक जुनी बाटली. नट आवळला की नटावरून बोल्टवर सरळ रेघ ओढायची. पुढे कधीही रेघ तुटून वाकडी झालेली दिसली, की नट फिरलाय हे लांबूनच कळतं. पंक्चर काढून किंवा सर्व्हिसिंग करून गाडी घरी आली की आधी या रेघा बघा आणि बोल्ट मोजा, कारण चाक काढताना गार्ड सुटतं आणि घाईत परत बसवताना तीनपैकी दोनच लावलेले असतात.