उन्हाळ्याची सुटी आणि आपले रान



वैशाखात मुलाबाळांसह सायकलींवरून रानाकडे राहावयास जाणारी माणसे शहाणी की वेडी, असा प्रश्न आमच्या आळीत पुष्कळ दिवस चर्चिला गेला. आम्हां चौघांची, म्हणजे आईबाप आणि दोन मुले यांची, बाजू आज मांडतो. निकाल आपण द्यावा.

सुटी म्हटली की यवतमाळकराला चिखलदरा आठवतो, ऐपत असल्यास महाबळेश्वर. घराजवळचा साग मात्र आपण दारेखिडक्यांतच पाहतो. म्हणून आम्ही घाटंजीच्या बाजूने टिपेश्वरच्या रानाच्या कडेपर्यंत जावयाचे ठरविले. टिपेश्वर हे १९९७ पासून अभयारण्य आहे. विस्तार सुमारे १४८ चौरस किलोमीटर. आत मनाला येईल तसे हिंडावयाचे नाही, राहुटी ठोकावयाची नाही. जावयाचे ते परवानगीने, वाटाड्यासह. तेव्हा आमचा मुक्काम बाहेरच्या गावात, गावकऱ्यांच्या संमतीने, शाळेच्या पडवीत पडला.

सामान थोडे होते: सतरंज्या, शिधा, पाण्याच्या छागला, पंप आणि पंक्चरचे साहित्य. बाभळीच्या काट्याने दोन दिवसांत तीन ट्यूब फोडल्या आणि थोरला मुलगा पंक्चर काढावयास शिकला. शाळेने वर्षभरात त्याला इतके चिकाटीचे काम दिले नसेल!

सागाखाली सावली मिळेल, ही शहरी समजूत पहिल्याच दिवशी गेली. साग उन्हाळ्यात पाने गाळून उभा असतो. पाणी वाचविण्याची त्याची ती रीत. खरी सावली नाल्याकाठच्या जांभळाची आणि आंब्याची. पारा ४४ अंशांपर्यंत चढत असता नऊच्या आत ती गाठावी आणि पाचपर्यंत हलू नये.

आता वाघ. आमच्या आजींचा विरोध त्याच्यामुळे होता, आणि तो पोकळ नव्हता. राळेगावकडील तेरा माणसांचे मृत्यू जिच्या नावावर धरले गेले, ती अवनी वाघीण २०१८ च्या नोव्हेंबरात मारली गेली, हे आपण विसरलेलो नाही. टिपेश्वरचाच एक तरुण वाघ २०१९ साली गळ्यात रेडिओ पट्टा घेऊन निघाला आणि वळसे घेत सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. अभयारण्याची हद्द माणसाला कळते, वाघाला नाही. ऊन म्हणे, अंधारात निघा. वाघ म्हणे, उजाडू द्या. आम्ही वाघाचे ऐकले.

परंतु आम्हांला उजाडण्याची वाट पाहता आली, कारण आम्ही सुटीवर होतो. ज्यांच्या अंगणात आम्ही भाकरी खाल्ली, त्या घरच्या बाईंना ती चैन नाही. चैत्रात मोहफुले रात्री-पहाटे गळतात. गुरांनी तोंड लावण्याआधी ती वेचावी लागतात. वैशाखात तेंदूपाने आली. सत्तर पानांचा एक पुडा! धाकटीने एक बांधून पाहिला. पाने मोजता मोजता तिने विचारले, "यांना वाघाची भीती नाही वाटत?" बाई म्हणाल्या, "वाटते ना, पोरी. पण घरी बसून पाने येतात का?" या उत्तरापुढे आमचे धाडस फार लहान झाले.

चूल आम्ही गावातच पेटविली. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ. वाळल्या पाचोळ्यात एक विडी पुरते. ज्या रानात दुसऱ्याची वर्षाची मिळकत आहे, तेथे आपल्या करमणुकीचा विस्तव नेऊ नये.

१९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव रानातले गवत कापून तुरुंग पत्करला. रानावर रयतेचाही हक्क आहे, हे तेव्हा याच जिल्ह्याने सांगितले. हक्क सांगणाऱ्याने रान ओळखावयासही नको काय? ज्या मुलाने तेंदूचा पुडा बांधला आहे, तो मोठेपणी वाघाचा आणि माणसाचा प्रश्न ऐकेल तेव्हा एकाच बाजूने ओरडणार नाही, एवढी आमची आशा आहे.

तेव्हा श्रोतेहो, जावयाचे तर जरूर जावे. विचारून जावे, उजेडी चालावे, पाणी भरपूर न्यावे आणि आपला कचरा आपल्याच पिशवीत परत आणावा. महाबळेश्वर कोठे पळून जात नाही.