कारागिराच्या वाटेवरील अडसर
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवप्रसंगीं गतकाळाचे गोडवे गाणें सोपें असतें. परंतु आपल्या तरुणांच्या पुढील वाटेचा विचार करणें हेंहि तितकेंच उचित होय. म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून, म्हणजे आयटीआयमधून, बाहेर पडणाऱ्या मुलांविषयीं चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतों.

सरकारनें १९५० सालीं कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, ती देशांत कुशल हात तयार व्हावेत म्हणून. हेतु स्तुत्य होता. परंतु ज्या हातीं हत्यार दिलें, त्याच्या बुद्धीलाहि पुढें वाव हवा, हा विचार मागाहून आला. आजच्या बहुतेक अडचणींचें मूळ तेथेंच आहे.

पहिली अडचण प्रमाणपत्राची. दहावीनंतर दोन वर्षें फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचें काम शिकलेला मुलगा आपोआप बारावी झाला असें मानलें जात नाहीं. २०१६ सालीं केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयानें राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेशीं करार केला, आणि कांहीं विषयांची परीक्षा देऊन शालेय समकक्षता मिळविण्याची सोय झाली. सोय झाली खरी. पण ती किती आईबापांना ठाऊक आहे?

दुसरी अडचण काळाची. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यास तंत्रनिकेतनांत पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षीं प्रवेश मिळूं शकतो, व पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षीं. आतां हिशेब पाहा. आयटीआयचीं दोन, पदविकेचीं दोन, पदवीचीं तीन, मिळून सात वर्षें. बारावी विज्ञानाच्या वाटेनें जाणाऱ्यास सहा पुरतात. अंतर एका वर्षाचें दिसतें. पण शिकाऊ उमेदवारीचा काळ मिळविला कीं तें वाढतें, आणि कमावता झालेला हात पुन्हां वहीकडे वळविणें गरिबाच्या घराला झेपत नाहीं. वेल्डरचा अभ्यासक्रम तर एकाच वर्षाचा. दोन वर्षांच्या अटीमुळें त्यास ही वाटहि मोकळी नाहीं.

तिसरी अडचण गणिताची व भाषेची. आयटीआयमध्यें गणित शिकवितात तें कामापुरतें. पदविकेचें पहिलें वर्ष टळतें, तसा त्या वर्षाचा गणित-विज्ञानाचा पायाहि टळतो. सवलतच पुढें खड्डा ठरते. त्यांत इंग्रजीची भीति. २०२१ सालीं मराठीसह कांहीं भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी शिकविण्यास परवानगी मिळाली, तरी अभियांत्रिकीचें बहुतांश शिक्षण अद्यापि इंग्रजींतच चालतें.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० यानें व्यावसायिक व सामान्य शिक्षणामधील भिंत पाडण्याचा संकल्प केला आहे. तथापि आणखी एक भिंत आपल्या मनांत आहे. "अभ्यासांत मागें, म्हणून आयटीआयला" असें आपण मुलाच्या देखत म्हणतों, आणि तेथेंच त्याची उमेद खचते. ही भिंत पाडण्यास सरकारी हुकुमाची गरज नाहीं.

माझी विनंति तीन गोष्टींची. धर्मग्रामांतील इंजिनियरांनीं व शिक्षकांनीं आठवड्यांतून दोन संध्याकाळीं गणित व इंग्रजीचा वर्ग चालवावा. प्रवेशाच्या दिवसांत अर्ज, अटी व मुदती समजावून सांगणारा एक जाणता माणूस नेमावा. आणि महोत्सवाच्या शिल्लक निधींतून पदविकेस जाणाऱ्या गरजू मुलामुलींस फीपुरतें साहाय्य द्यावें.

ज्यांच्या हातांनीं आपलीं घरें उजळतात व यंत्रें चालतात, त्यांच्या बुद्धीलाहि दार उघडें असावें, इतकेंच मागणें मांडून आपली रजा घेतों.