रतीब बंद करायचा राहिला



गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्याकडे आल्या. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला, तिथून व्हायरस घरी आला. अँटिव्हायरसने तो काढलाही. पण तेव्हापासून लॅपटॉप सुरू केला की रोज एक चौकट समोर यायची. बाईंनी ती पाठकोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून आणली होती. वर 'रनडीएलएल', खाली 'देअर वॉज अ प्रॉब्लेम स्टार्टिंग', मग फाइलचा लांबलचक पत्ता आणि शेवटी 'द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड'. दुरुस्तीच्या दुकानात त्यांना सांगितलं होतं, "फॉरमॅट मारावा लागेल." त्या लॅपटॉपमध्ये त्यांच्या यजमानांचे शेवटच्या वर्षातले फोटो होते. दुसरीकडे कुठेच नव्हते.

मी त्यांना विचारलं, भाडेकरू जागा सोडून गेला आणि दुधाचा रतीब बंद करायला विसरला, तर काय होतं? पहाटे पोऱ्या येतो, बेल वाजवतो, माणूस नाही म्हणून ओरडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, कारण वहीत नाव आहे. विंडोजमध्ये ही वही म्हणजे रजिस्ट्री. तिच्यात 'रन' नावाचं पान आहे. आपण लॉगइन केलं की काय काय चालू करायचं, ते तिथे लिहिलेलं असतं. व्हायरस शिरला की स्वतःचं नाव तिथे किंवा अशाच दुसऱ्या यादीत लिहून ठेवतो. अँटिव्हायरसने फाइल उडवली, नाव मात्र वहीत राहिलं. रनडीएलएल हा बिचारा पोऱ्या. डीएलएल फाइल स्वतःच्या पायांनी चालत नाही, तिला उचलून चालवणारा हा मायक्रोसॉफ्टचाच प्रोग्राम आहे. त्यालाच व्हायरस समजून डिलीट करू नका. पेनड्राइव्हचे काही व्हायरस स्क्रिप्टच्या रूपात येतात. तिथे 'विंडोज स्क्रिप्ट होस्ट'ची चौकट येते आणि 'कॅन नॉट फाइंड स्क्रिप्ट फाइल' म्हणते. दुखणं तेच.

म्हणून हरवलेली फाइल शोधायला जाऊ नये. हे मी कळकळीने सांगतो, कारण इथेच माणसं फसतात. फाइलचं नाव इंटरनेटवर टाकतात, 'मोफत डीएलएल' देणारं पान उघडतात आणि गेलेली ब्याद पुन्हा घरात घेतात. पत्ता विंडोजच्या 'सिस्टिम ३२' फोल्डरमधला असेल, तर आधी ती फाइल विंडोजची नाही ना, हे बघावं. पण बाईंच्या कागदावरचा पत्ता 'अ‍ॅपडेटा'मधला होता आणि फाइलचं नाव अर्थ नसलेल्या अक्षरांचं. तो गेलेला भाडेकरूच.

नाव खोडायला ऑटोरन्स हे साधन मला सर्वांत भरवशाचं वाटतं. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्सचं हे काम. २००६ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली, आणि ऑटोरन्स आजही मायक्रोसॉफ्टच्याच साइटवर फुकट मिळतं. ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं. ज्या नोंदीची फाइल जागेवर नाही, ती ओळ पिवळी दिसते. 'रन'च्या नोंदी दाखवणाऱ्या 'लॉगऑन'मध्ये बाईंची ओळ सापडली नाही. ती होती 'शेड्यूल्ड टास्क्स'मध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांच्या यादीत. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत असली टास्क दिसत नाही, म्हणून कित्येक जण तिथे पाहून हताश होतात. कागदावरचं नाव आणि पडद्यावरचं नाव अक्षर अक्षर जुळवलं. प्रत्येक पिवळी ओळ व्हायरसची नसते, म्हणून हे जुळवणं टाळू नये. मग ओळ डिलीट न करता नुसती टिक काढायला सांगितली. टिक काढली की नोंद थांबते, चूक झालीच तर परत लावता येते.

रजिस्ट्रीच्या 'विनलॉगऑन' पानावरच्या 'शेल' आणि 'यूझरइनिट' या दोन ओळींना मात्र नवख्याने हात लावू नये. व्हायरसने यूझरइनिटच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं असेल आणि फाइल तेवढी उडाली, तर पासवर्ड टाकताच संगणक पुन्हा पासवर्डच्याच पडद्यावर येतो. तिथे जाणकार हवा.

आणखी एक. काढलेली टिक दुसऱ्या दिवशी परत लागलेली दिसली, तर भाडेकरू घरातच आहे. इंटरनेट तोडावं आणि विंडोज सिक्युरिटीतला 'ऑफलाइन स्कॅन' लावावा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे व्हायरसला लपायला सवड मिळत नाही.

बाईंनी टिक स्वतःच काढली. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. चौकट आली नाही. त्यांनी फोटोंचं फोल्डर उघडलं, यजमानांचा एक फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि मग म्हणाल्या, "आता याची एक कॉपी कुठे ठेवायची, ते दाखवा."