घाव आणि विटंबना : व्हिडिओ गेममधील नायिकांविषयीचा वाद

(पालक व शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. देशापुढे एवढे गंभीर प्रश्न उभे असताना, खेळातील एका काल्पनिक नायिकेवर होणाऱ्या आघातांची चर्चा विचारी माणसांनी कशासाठी करावी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु जी मुले पूर्वी आजीच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकत, ती आज तासन् तास पडद्यावरील गोष्टीत रमलेली असतात. आजीची गोष्ट कानांनी ऐकायची असे. पडद्यावरची गोष्ट मूल स्वतःच्या बोटांनी घडवते. नायिकेने धावायचे की थांबायचे हे तेच ठरवते आणि ती मेली तर त्याच्याच चुकीने मरते. इतक्या जवळून अनुभवलेली गोष्ट मनावर कोणता संस्कार करते, हा विचार आपण नाही तर कोणी करायचा?

हा वाद प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांत झाला, म्हणून तो तेथूनच समजून घेतला पाहिजे. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये जोसेफ लिबरमन आणि हर्ब कोल या सदस्यांनी हिंसक व्हिडिओ गेमविषयी सुनावणी घेतली. तेथे ‘मॉर्टल कॉम्बॅट’बरोबर ‘नाइट ट्रॅप’ हा खेळही चर्चेत आला. एका घरात जमलेल्या तरुणींवर हल्ले होतात आणि खेळणाऱ्याने त्यांना वाचवायचे, असे त्याचे स्वरूप होते. स्त्री ही एक तर भक्ष्य, नाही तर वाचवण्याची वस्तू! या सुनावणीच्या दबावातूनच १९९४ मध्ये तेथील उद्योगाने वयानुसार खेळांचे वर्गीकरण करणारी संस्था उभी केली.

स्त्री स्वतः नायक असलेले खेळ त्या आधीही होते. १९८६ मध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘मेट्रॉइड’ आला. चिलखत घालून लढणारा हा वीर स्त्री आहे, हे खेळाच्या अखेरीस कळत असे. कल्पना धाडसी होती. पण खेळणारा जितक्या कमी वेळात खेळ पूर्ण करी, तितकी कमी वस्त्रे घातलेली ती नायिका त्याला शेवटी दिसे. एवढ्या संकटांतून विश्व वाचवणाऱ्या वीरांगनेचा असा ‘सन्मान’! तिचे कर्तृत्व मान्य करायचे आणि त्याच क्षणी ती कोणाच्या तरी नजरेसाठीच आहे असेही सांगायचे, हा दुटप्पीपणा तेथपासूनचा आहे.

१९९६ मध्ये इंग्लंडमधील डर्बी येथील कोअर डिझाइन या संस्थेने ‘टूम रेडर’ आणला आणि लारा क्रॉफ्ट जगभर पोहोचली. प्राचीन अवशेषांचा शोध घेणारी, एकटीने संकटांशी झुंजणारी ही नायिका इतकी गाजली की २००१ मध्ये अँजेलिना जोली हिला घेऊन तिच्यावर चित्रपट निघाला. तिच्या बुद्धीची आणि साहसाची वाहवा झाली, पण जाहिरातींचा भर मात्र तिच्या देहावरच राहिला.

याच लाराला नव्या रूपात आणण्याचे क्रिस्टल डायनॅमिक्स या संस्थेने ठरवले. एकवीस वर्षांची, अननुभवी लारा जहाज फुटून यामताई नावाच्या बेटावर अडकते आणि तेथे तिची वीरांगना कशी होते, अशी ही कथा. जून २०१२ मध्ये खेळाचे कार्यकारी निर्माते रॉन रोझेनबर्ग यांनी एका मुलाखतीत दोन विधाने केली आणि गदारोळ उठला. खेळणारे स्वतःला लाराच्या जागी पाहत नाहीत, त्यांना तिचे रक्षण करावेसे वाटते, हे पहिले विधान. बेटावरील माणसे तिच्यावर बलात्काराचा प्रयत्न करतात आणि त्या क्षणी तिला प्रतिकार करावा लागतो, हे दुसरे. टीका होताच संस्थेचे प्रमुख डॅरेल गॅलाघर यांनी खुलासा केला की, लैंगिक अत्याचार हा या खेळाचा विषय नाही. मार्च २०१३ मध्ये खेळ बाजारात आला. त्यात एक पुरुष तिच्या अंगाला हात घालतो, ती झटापट करून त्याचेच पिस्तूल त्याच्यावर चालवते आणि तिच्या हातून पहिला मनुष्यवध होतो. खेळणाऱ्याची चूक झाली तर तो तिचा गळा आवळतो. अन्यत्र प्रवाहात वाहत असताना चूक झाली तर टोकदार दांडा तिच्या गळ्यात घुसतो, आणि हे सारे अगदी जवळून दाखवले जाते.

त्याच सुमारास, २०१२ च्या मे अखेरीस, ‘हिटमॅन : अ‍ॅब्सोल्यूशन’ या खेळाची जाहिरातफीत आली होती. जोगिणींचा वेश टाकून तंग पोशाखात उभ्या राहिलेल्या स्त्रियांना नायक एकामागून एक ठार करतो, असे तिचे चित्रण होते. तिच्यावर एवढी टीका झाली की निर्मात्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. तिचे समर्थक विचारतात की, पुरुष नायक काय सुखाने मरतात? २००५ च्या ‘रेसिडेंट इव्हिल ४’ मध्ये नायकाचे मुंडके यांत्रिक करवतीने उडवले जाते. २००८ च्या ‘डेड स्पेस’ मध्ये नायकाच्या देहाचे तुकडे होतात. तेव्हा कोणी हळहळले नाही. मग स्त्रीला रणांगणात उतरवायचे आणि तिला ओरखडाही उठू द्यायचा नाही, ही कोणती समानता? शिवाय नव्या ‘टूम रेडर’ची प्रमुख लेखिका ऱ्हियाना प्रॅचेट ही स्त्रीच होती, याकडेही ते लक्ष वेधतात.

या युक्तिवादातील सत्य मान्य केले पाहिजे. जी लढते तिला घाव लागणारच. झाशीच्या राणीने १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढता लढता देह ठेवला. तिच्या अंगावरील जखमांचे वर्णन ऐकताना आपल्याला लाज वाटत नाही, मान ताठ होते. देवी आणि महिषासुर यांच्या युद्धाचे वर्णन ऐकून युद्ध भयंकर आहे म्हणून कोणी कान झाकत नाही. स्त्रीला काचेच्या पेटीत ठेवा अशी मागणी कोणी करत असेल, तर तो तिच्या पराक्रमाचा अपमानच आहे.

पण घाव वेगळा आणि विटंबना वेगळी. या सगळ्या वादाचे मर्म माझ्या मते या एकाच भेदात आहे. घाव शत्रूशी लढताना लागतो. तो सोसणारी आपल्या ध्येयासाठी सोसते आणि पाहणारा तिच्या बाजूने उभा असतो. विटंबनेत ती स्त्री आहे म्हणून तिला लक्ष्य केले जाते आणि पाहणाऱ्याला प्रेक्षक म्हणून त्या दृश्याची चव घ्यायला बसवले जाते. रक्त किती सांडले यावरून हा भेद ठरत नाही. कथा कोणाच्या डोळ्यांनी पाहते, यावरून ठरतो.

या कसोटीवर रोझेनबर्ग यांची दोन्ही विधाने तपासून पाहा. ‘रेसिडेंट इव्हिल’च्या नायकाचे मस्तक उडते तेव्हा खेळणारा चिडतो आणि पुन्हा खेळतो, कारण त्या क्षणी तो स्वतःच तो नायक असतो. नायकाचे रक्षण करावे असे कोणाच्या मनात येत नाही. लाराविषयी मात्र तिचा निर्माताच सांगतो की, खेळणारा तिच्या जागी नसून तिच्याबाहेर उभा आहे, तिचा पालनकर्ता आहे. म्हणजे नायिकेच्या नावाने आलेल्या खेळात नायकपण तिच्याकडून काढून घेतले गेले. दोघांच्या मृत्यूची तुलना येथेच लंगडी पडते.

दुसरे विधान अधिक गंभीर आहे. स्त्री कणखर व्हायची तर आधी तिच्या शीलावर घाला पडला पाहिजे, ही कल्पना कोठून येते? पुरुष नायक शूर का झाला, याची कारणे लेखकाला शेकडो सुचतात : गुरूची आज्ञा, मातृभूमीचे प्रेम, दिलेला शब्द, जिज्ञासा, महत्त्वाकांक्षा. स्त्रीचा विषय आला की लेखणी एकाच जागी अडखळते. हे कल्पनेचे दारिद्र्य आहे. आपल्या महाभारतात द्रौपदीची भर सभेत विटंबना झाली, हे खरे. पण तिचे तेज त्या विटंबनेतून जन्मलेले नाही, ते आधीपासूनच तिच्यात होते. आणि व्यासांची कथा तेथे दुःशासनाच्या डोळ्यांनी पाहत नाही. ती द्रौपदीचा प्रश्न ऐकते आणि उत्तर न देणाऱ्या अख्ख्या सभेला आरोपी करते. अत्याचाराची कथा सांगूच नये असे कोणी म्हणत नाही. ती सांगताना कोणाच्या बाजूने उभे राहावे, हे मात्र सांगणाऱ्याला कळले पाहिजे.

कोणी म्हणेल, ही सगळी पडद्यावरची चर्चा, हाडामांसाच्या कोणाचे काय बिघडले? त्याचे उत्तरही याच वादात आहे. २०१२ मध्ये अनिता सार्कीसियन या समीक्षिकेने व्हिडिओ गेममधील स्त्रीचित्रणावर चित्रफिती तयार करण्यासाठी सहा हजार डॉलरची लोकवर्गणी मागितली आणि दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. पण त्याचबरोबर तिच्यावर शिव्या आणि धमक्यांचा वर्षाव झाला. एकाने तर खेळच तयार केला, ज्यात पडद्यावर क्लिक करत जावे तसा तिचा चेहरा सुजून काळानिळा होत जाई. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा राज्यातील विद्यापीठात तिचे व्याख्यान होते. ते झाले तर गोळीबार करून हत्याकांड घडवू, अशी धमकी आली. राज्याच्या कायद्यामुळे परवानाधारकांना शस्त्रासह सभागृहात येण्यापासून रोखता येत नव्हते, म्हणून तिला व्याख्यान रद्द करावे लागले.

तिची सर्व मते पटावीत असा माझा आग्रह नाही, आणि मला ती पटतातच असेही नाही. पण मतभेदाचे उत्तर मतानेच द्यायचे असते. २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग आला, तेव्हाही हेच घडले. २०१७ मध्ये त्याची झलक दाखवली गेली होती. तीत हातोड्याने एका मुलीचा हात मोडला जातो, त्यावरून आधीच वाद झालेला होता. प्रत्यक्ष खेळात अ‍ॅबी ही स्त्री खेळणाऱ्यांच्या लाडक्या पात्राला ठार करते. त्या संतापात लोकांनी अ‍ॅबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला, तिच्या लहान बाळासह, मारण्याच्या धमक्या दिल्या. पात्र काल्पनिक होते, बाळ खरे होते.

मग कायद्याने बंदी घालावी का? अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्ये अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यास मनाई केली होती. २७ जून २०११ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कायदा रद्द केला. खेळांनाही पुस्तकांप्रमाणे अभिव्यक्तीचे संरक्षण आहे आणि खेळामुळेच मुले हिंसक होतात असे सिद्ध झालेले नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ग्रिम बंधूंच्या परीकथाही रक्तरंजितच आहेत, याची आठवण न्यायालयाने करून दिली. त्यामुळे ‘खेळ खेळला म्हणून मुलगा गुन्हेगार झाला’ असा सोपा निष्कर्ष आपणही काढू नये. आपल्याकडे चित्रपटाला लागते तसे प्रमाणपत्र व्हिडिओ गेमला लागत नाही, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आहे. तात्पर्य, घराच्या उंबरठ्यावरचा पहारा अजून घरच्यांनाच द्यायचा आहे.

तो पहारा रागावून देता येणार नाही. मुलाच्या शेजारी बसा, तो काय खेळतो ते पाहा, वेष्टनावरील वयाची सूचना वाचा. आणि त्याला तीन प्रश्न विचारा : या गोष्टीत ती स्वतः निर्णय घेते का? तिच्या जागी पुरुष असता तर हे दृश्य असेच दाखवले असते का? ती पडते तेव्हा तुला काय वाटते? उत्तर तुम्ही देऊ नका, त्यालाच शोधू द्या. विवेक उपदेशाने येत नाही, तो अशा संवादातून रुजतो.

आणि नुसती टीका करून थांबू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेतील तरुणांनी २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ जगापुढे आणला. सर्कशीत कसरती करणारी राजी असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते आणि दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हाती येतो. ती धडपडते, पडते, मरते आणि खेळणारा पुन्हा तिच्यासह उठतो. घाव तिलाही लागतात. पण ती कोणाच्या नजरेसाठी लढत नाही आणि तिच्या शौर्याला कारण म्हणून भावावरची माया पुरेशी ठरते. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न अयशस्वी होऊनही या मंडळींनी जिद्द सोडली नाही, हेही आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे. आपल्या परंपरेत पराक्रमी स्त्रियांच्या कथांची वाण नाही. उणीव आहे ती त्या आजच्या माध्यमात सांगणाऱ्यांची.

मित्रहो, ज्या मुलाच्या बोटांखाली आज एक नायिका धावते आहे, तो उद्या कोणाचा तरी सहकारी, पती, पिता होणार आहे. समोरची स्त्री वाचवण्याची वस्तू नाही, पाहण्याची वस्तू नाही, ती स्वतःच्या कथेची कर्ती आहे, एवढी एक जाण त्याच्या मनात पक्की झाली, तर खेळात सांडलेल्या रक्ताची मला फारशी चिंता वाटणार नाही. ती जाण देण्याचे काम मात्र कोणतीही कंपनी आपल्यासाठी करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.