भिंतीवरची सोनकी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘इंग्लंडमधील माझे दिवस’ असा विषय दिला आहे. पण तिकडची थंडी आणि तिकडची दुकाने यांविषयी आपण सर्वांनी इतके ऐकले आहे की, त्यात भर घालण्याचे धाडस मला होत नाही. मी तिकडच्या एका फुलाविषयीच चार शब्द बोलणार आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी मुलीच्या बाळंतपणासाठी ऑक्सफर्डला गेले. यांना जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. मी साताऱ्याचे घर काढून टाकावे, सहा महिने लेकीकडे व सहा महिने बंगलोरला मुलाकडे राहावे, असे मुलांच्या मनात होते. उघड कोणी बोलले नाही. पण माझी खोली नव्याने रंगवलेली दिसली, तेव्हाच मी काय ते समजले.

नात झाली. ती तीन आठवड्यांची झाल्यावर मी तिला बाबागाडीतून फिरवू लागले. एके दिवशी एका जुन्या दगडी भिंतीच्या सांध्यातून पिवळीधमक फुले डोकावताना दिसली आणि मी रस्त्यातच थबकले. मला वाटले, आपली सोनकीच! जवळ जाऊन पाहते तो पाने फाटक्या झालरीसारखी, आणि फुलाखालच्या हिरव्या वाटीची टोके काळी, काजळाचे बोट लावल्यागत. सोनकी नव्हती, पण तिच्याच गोतातली होती. दोघींचे शास्त्रीय कुलनाम ‘सेनेसिओ’. लॅटिन भाषेत ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा. बियांना पांढऱ्या केसांचा झुबका असतो, त्यावरून ते पडले. आपणही वाऱ्यावर उडणाऱ्या अशा बीला ‘म्हातारी’च म्हणतो की नाही? लिनीयसने 1753 साली या झाडाला जे दुसरे नाव जोडले, त्याचा अर्थ मात्र ‘मळकट’! इतक्या झळझळीत फुलाला असे नाव का द्यावे, ते त्यालाच ठाऊक.

जावयांनी वाचनालयातून पुस्तक आणून दिले. हे झाड मूळ तिथले नव्हेच. भूमध्य समुद्रातल्या सिसिली बेटावर एटना नावाचा जागता ज्वालामुखी आहे. त्याच्या पायथ्याकडे एक जात उगवते, वर उंचावर दुसरी, आणि मधल्या उतारावर दोघींचा संकर होतो. अशी संकरित रोपे अठराव्या शतकाच्या आरंभी ऑक्सफर्डच्या वनस्पतिबागेत आली. 1794 पर्यंत त्यांनी बागेबाहेर पडून गावातल्या भिंती धरल्या होत्या. पुढे 1844 साली गावात आगगाडी आली. रुळांखालची खडी आणि इंजिनाची जळकी राख म्हणजे या झाडाला माहेरचा लाव्हाच! गाडीच्या वाऱ्याबरोबर बिया उडत चालल्या. ड्रूस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तर ऑक्सफर्डला डब्यात शिरलेल्या म्हाताऱ्या टाइलहर्स्ट स्टेशनापर्यंत प्रवास करून बाहेर पडताना पाहिल्या, बिनतिकिटाच्याच म्हणायच्या. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले, तेव्हा पडक्या घरांच्या विटामातीतही हे पिवळे फूल उगवले. (झाड गुरांना विषारी असते, तेव्हा त्याची कोणी भाजी करायला जाऊ नये.)

जावई हसत म्हणाले, “पाहिलंत ना आई? ते बेटावरून येऊन दगडात रुजलं, मग तुम्ही का नाही रुजणार?” मी म्हटले, “अहो, बागेतून भिंतीवर चढायला त्याला नव्वदएक वर्षे लागली. मला तेवढी सवड आहे का?” ते हसले. मुलगी मात्र हसली नाही.

त्या पुस्तकातली आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. या झाडाला स्वतःच्या परागाने सहसा बी धरत नाही. जवळपास त्याच्या जातीचे दुसरे झाड असावे लागते. हे वाचले तो मंगळवार होता. आपल्याकडची भजनाची वेळ होऊन गेली असेल, पेटी कोणी काढली असेल, असे मनात येऊन मी उगाच खिडकीशी उभी राहिले.

रात्री मी मुलीला सांगितले, “घर विकायचे नाही.” दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. तिचेही खोटे नव्हते. परक्या गावी, रात्री बाळ रडत असताना आई शेजारच्या खोलीत असावी असे कोणाला वाटणार नाही? निघताना तिने माझ्या पिशवीत लाडूंचा डबा घातला, तोही न बोलता.

सप्टेंबरात तुमच्यातल्या दोघीतिघींबरोबर मी कासला गेले. सड्यावर सोनकी नुसती उसळली होती. मी तिथूनच मुलीला छायाचित्र पाठवले. रात्री तिचा फोन आला. आधी ती बाळाच्या खोकल्याविषयी बोलली, मग म्हणाली, “आई, ती अशी किती दिवस फुललेली असते गं?”

येत्या सप्टेंबरात तिघे येत आहेत. तिकिटे काढून झाली. सड्यावर बाबागाडी काही चालायची नाही. तेव्हा नातीला आळीपाळीने कडेवर घ्यायला तुमच्यापैकी कोण कोण येणार, ते चहा झाल्यावर मला सांगून ठेवा.